विश्लेषण : सांभाळायला घेतलेला कुत्रा किंवा मांजर अचानक दगावलं तर? पहिल्या काही तासांत काय करायचं, जबाबदारी कोणाची?

मे महिन्याची सुट्टी, गणपती, दिवाळी... गावी जायचं ठरलं की पाळीव प्राणी असलेल्या घरांत तिकिटांइतकाच मोठा प्रश्न असतो, त्याला कोणाकडे ठेवायचं? कधी शेजारच्या काकू तयार होतात, कधी सोसायटीतला कॉलेजला जाणारा मुलगा, तर कधी दिवसाचे पैसे घेणारा पेट सिटर. बहुतेक वेळा सगळं सुरळीत पार पडतं. पण कधी प्राणी म्हातारा असतो, कधी आधीच आजारी असतो, तर कधी धडधाकट दिसत असूनही एका रात्रीत जातो. मालक शेकडो किलोमीटर दूर असतो आणि सांभाळणारा माणूस हादरलेला असतो. भीतीपोटी तो फोन लांबवतो, किंवा घाईघाईने प्राण्याला पुरून टाकतो. पुढची बहुतेक भांडणं मृत्यूमुळे नाही, तर या दोन गोष्टींमुळे होतात.

सर्वात आधी काय करायचं?

प्राणी खरंच गेला आहे का, हे पशुवैद्याला ठरवू द्या. बेशुद्ध, थंड पडलेलं मांजर किंवा ससा घाबरलेल्या माणसाला मेल्यासारखा वाटू शकतो. शक्य असेल तर दवाखान्यात न्या, नाहीतर जवळच्या पशुवैद्याला घरी बोलवा. तपासणीची वेळ आणि प्राण्याची अवस्था लिहिलेला कागद त्यांच्याकडून घ्या. पुढे तो मालकालाही लागतो आणि तुम्हालाही.

फोनवर नेमकं काय बोलायचं?

माणसाच्या मृत्यूची बातमी देताना आपल्याकडे एक जुनी पद्धत आहे. ‘तब्येत जरा जास्त आहे, निघून या,’ असं सांगायचं आणि खरं काय ते घरी पोहोचल्यावर कळू द्यायचं. हेतू चांगला असतो. पण इथे ही पद्धत अंगलट येते. मालक लगेच विचारतो, ‘कोणत्या दवाखान्यात आहे? डॉक्टरांना फोन द्या.’ मग एक खोटं झाकायला दुसरं बोलावं लागतं. नंतर मृत्यूची वेळ कळली की विश्वास तुटतो तो कायमचा.

म्हणून मेसेज नाही, फोनच करा. समोरची व्यक्ती गाडी चालवत नाही ना, हे आधी विचारा. मग दोन-तीन वाक्यांत स्पष्ट सांगा : ‘काकू, वाईट बातमी आहे. आपला टायगर गेला. सकाळी सहाला उठवायला गेलो तेव्हा हालचाल नव्हती. डॉक्टरांना दाखवलं, तेही हेच म्हणाले.’ यापुढे थांबा. स्वतःची बाजू मांडायची घाई नको. समोरून रडणं येईल, राग येईल, तोच प्रश्न चारदा येईल. माहीत आहे तेवढंच सांगा. कारण माहीत नसेल तर ‘अजून कळलं नाही’ हे उत्तर पुरेसं आहे. फोटो किंवा व्हिडीओ कॉल मालकाने मागितला तरच.

घरात लहान मुलं असतील तर त्यांना कधी आणि कसं सांगायचं, हे आई-वडिलांवर सोडा. सोसायटीच्या ग्रुपवर श्रद्धांजली टाकायची घाई तर अजिबात नको.

देह कसा ठेवायचा?

मालकाला विचारल्याशिवाय पुरायचं नाही, दहनही नाही. कोणाला शेवटचं पाहायचं असतं, कोणाला अस्थी हव्या असतात, तर कोणाला मृत्यूचं कारण जाणून घ्यायचं असतं. पण आपल्या हवेत, विशेषतः उन्हाळ्यात, काही तासांतच देह खराब व्हायला लागतो. त्यामुळे हातमोजे घालून देह जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि भोवती बर्फाच्या पिशव्या ठेवा. शरीर काही तासांत ताठरतं, त्याआधी पाय पोटाशी दुमडून घेतले तर हलवणं सोपं जातं. मोठा कुत्रा असेल तर शीतपेटीची सोय असलेला दवाखाना शोधा.

एक खबरदारी महत्त्वाची. शवविच्छेदन करायचं असेल तर देह थंड ठेवायचा, गोठवायचा नाही. गोठल्यावर पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी अवघड होते. प्राण्याची भांडी, उरलेलं खाणं, औषधांच्या पट्ट्या, उलटी झाली असेल तर तिचा नमुना, हे धुऊन-पुसून टाकू नका.

राज्यात मुंबई (परळ), नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. शवविच्छेदनासाठी आपल्या पशुवैद्यामार्फत तिथे आधी फोन करून विचारून घ्यावं. अंत्यसंस्कारासाठी मुंबईत महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी पीएनजीवर चालणारी दाहिनी सुरू केली आहे. इतर शहरांत महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे चौकशी करता येते.

धडधाकट प्राणी एका रात्रीत कसा जातो?

सांभाळणाऱ्याला सर्वात जास्त छळतो तो हाच प्रश्न. कारणं अनेक आहेत आणि त्यातली बरीच घरच्या माणसालाही दिसत नाहीत. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून त्याला पीळ पडतो. कुत्रा ओकाऱ्या काढतो पण काही पडत नाही. शस्त्रक्रिया झाली नाही तर काही तासांत खेळ संपतो. वय झालेल्या कुत्र्यांत प्लीहेवरची गाठ फुटून पोटात रक्तस्राव होतो. त्या गाठीचा आदल्या दिवसापर्यंत पत्ता नसतो. पर्शियन किंवा मेन कून मांजरांत हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो. अनेकदा त्याचं पहिलं लक्षण म्हणजे मृत्यूच. शिवाय मांजरं आजार लपवण्यात पटाईत असतात.

पक्ष्यांची गोष्ट आणखी वेगळी. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्यातून निघणाऱ्या वायूने बजरीगर किंवा लव्हबर्ड काही मिनिटांत मरू शकतो, आणि त्याच स्वयंपाकघरातल्या माणसाला काही जाणवतही नाही.

काही मृत्यू मात्र टाळता येण्यासारखे असतात, हेही मान्य करायला हवं. बंद गाडीत ठेवलेला कुत्रा, भर दुपारी फिरवलेला चपट्या नाकाचा पग, जाळी नसलेल्या गॅलरीतून पडलेलं मांजर. असं काही घडलं असेल तर तेही पहिल्याच फोनवर सांगावं.

रेबीजचा विचार का करायचा?

प्राण्याचं वागणं शेवटच्या दिवसांत बदललं होतं का? विनाकारण चावणं, लाळ गळणं, गिळता न येणं? तसं असेल आणि त्या काळात तो तुम्हाला चावला, ओरखडला असेल किंवा त्याची लाळ जखमेला लागली असेल, तर अहवालाची वाट पाहू नका. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लगेच माणसांच्या डॉक्टरांकडे जा. लक्षणं सुरू झाल्यावर रेबीजवर उपचार जवळपास नाहीच. अशा संशयात देह उघड्या हातांनी हाताळू नका आणि पशुवैद्याला आधीच कल्पना द्या. रेबीजची खात्री मेंदूच्या नमुन्यावरून होते, त्यामुळे देह पुरून टाकला तर तपासणी हातची जाते.

कायदा काय सांगतो?

पाळीव प्राणी कायद्याच्या नजरेत मालमत्ता आहे. ऐकायला हे कोरडं वाटतं, पण सांभाळणाऱ्याची जबाबदारी त्यावरूनच ठरते. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार दुसऱ्याची वस्तू तात्पुरती ताब्यात घेणं म्हणजे ‘बेलमेंट’. कलम १५१ म्हणतं, सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्या. तेवढी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर कलम १५२ नुसार नुकसानीची जबाबदारी येत नाही. (याच कायद्याच्या कलम १६३ मध्ये सांभाळायला दिलेल्या गायीचं उदाहरण आहे. ती तिथे व्यायली तर वासरूही मालकाला परत द्यायचं. म्हणजे पेट सिटिंगचा विचार दीडशे वर्षांपूर्वीच झाला होता म्हणायचा!)

पैसे घेऊन सेवा दिली असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होऊ शकतो. सेवेत त्रुटी होती असं वाटलं तर मालक दोन वर्षांत तक्रार करू शकतो. शेजारधर्म म्हणून फुकट सांभाळणाऱ्याला हा कायदा लागत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये प्राण्याला मारल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण त्यासाठी हेतू किंवा परिणामाची जाणीव सिद्ध व्हावी लागते. आजाराने गेलेल्या कुत्र्यासाठी कोणी त्याची धमकी देत असेल तर घाबरून जायचं कारण नाही.

पैशांचा विषय पहिल्या दिवशी काढूच नये. उरलेल्या दिवसांचं आगाऊ घेतलेलं भाडं मात्र न मागता परत करावं.

‘माझ्यामुळेच गेला’ हा विचार थांबत नाही, तर?

मालकाच्या दुःखाला निदान नाव असतं. सांभाळणाऱ्याला मात्र ‘तुझा कुत्रा थोडीच होता’ हे ऐकावं लागतं. समाज ज्याला मान्यताच देत नाही अशा दुःखावर अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये पुस्तक काढलं होतं. हे दुःख त्यातलंच. दुसरी अडचण आपल्या मेंदूची आहे. निकाल कळल्यावर आधीच्या सगळ्या खुणा स्पष्ट वाटू लागतात. ‘काल रात्री त्याने अर्धंच खाल्लं, तेव्हाच कळायला हवं होतं.’ पण काल रात्री ते फक्त उरलेलं जेवण होतं. नवीन घरात आलेले अनेक कुत्रे पहिले दोन दिवस नीट जेवत नाहीत.

जेवण, फिरणं, औषधं, शेवटचे दोन दिवस, असं सगळं वेळेनुसार त्याच दिवशी लिहून काढा. मालकाला ते हवं असतंच. आणि महिनाभराने रात्री जाग आली की मनाने रचलेल्या आठवणींऐवजी तुमच्यासमोर तो कागद असतो. झोप, कामावर परिणाम होत राहिला तर समुपदेशकाशी बोलायला संकोच नको.

मालकांनी जाण्याआधी काय लिहून द्यावं?

नेहमीच्या पशुवैद्याचा नंबर, चालू औषधं, लसीकरणाची नोंद, संपर्क झाला नाही तर निर्णय कोणी घ्यायचा, तातडीच्या उपचारांवर किती खर्च करायचा. प्राणी वयस्कर असेल तर तो गेलाच तर काय करायचं, हेही. हे विचारणं अशुभ वाटून बरेच सांभाळणारे गप्प बसतात, त्यामुळे मालकांनीच विषय काढलेला बरा. आणि चिठ्ठीच्या शेवटी एक ओळ हवी : रात्री कितीही वाजता फोन केला तरी चालेल.