दोन किलोचा लांडगा

धाराशिवला बहिणीच्या स्वयंपाकघरात, डाळ मोजायच्या काट्यावर, स्टीलच्या वाटग्यात एक पिल्लू बसलं होतं. काटा हलत हलत ७८० ग्रॅमवर थांबला. "मामा, कालच्यापेक्षा बारा ग्रॅम वाढलं!" भाची ओरडली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत आकडा लिहून मोकळी झाली. चिहुआहुआ जातीचं, अडीच महिन्यांचं पिल्लू. मग तिने माझं बोट धरून त्याच्या डोक्यावर, दोन कानांच्या मधोमध टेकवलं. तिथे हाड लागेना. कातडीखाली नुसतं मऊ, आणि त्या मऊपणाखाली बारीकशी धडधड.

टाळू! आपल्याकडे तान्ह्या बाळाची टाळू तेलाने भरतात, तीच जागा. जन्मताना डोकं अरुंद वाटेतून बाहेर यावं म्हणून कवटीची हाडं सुटी असतात आणि पुढे जुळतात. बहुतेक जातींच्या कुत्र्यांत हे लवकर उरकतं. चिहुआहुआंत मात्र कित्येकांची ही फट आयुष्यभर थोडीशी उघडीच राहते. मेक्सिकोच्या ज्या चिहुआहुआ प्रांतावरून या जातीला नाव पडलं, तिकडच्या भाषेत तिला 'मोलेरा' म्हणतात. फट लहान असेल आणि पिल्लू खेळतं-खातं असेल तर तो आजार नव्हे. तेलबिल काही लागत नाही. जपायचं एवढंच, की सोफ्यावरून उडी नको, लहान मुलांनी उभ्याने उचलायला नको आणि डोक्यावर टपली नको.

मिरची मेक्सिकोची, पेरू आणि बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळही मूळचं अमेरिका खंडातलंच. त्याच मुलखातून निघालेला हा आणखी एक पाहुणा आता आपल्या जिल्ह्याच्या गावात येऊन बसलाय, आणि इथल्या ४० अंशांवरच्या उन्हाळ्यात त्याला वाढवायचंय.

कुत्रीचं पिल्लू जन्मतं ते आंधळं आणि बहिरं. डोळे उघडतात साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी, कान त्यानंतर काही दिवसांनी. आईने पोट आणि मागची बाजू चाटल्याशिवाय त्याला लघवीसुद्धा करता येत नाही. पहिल्या आठवड्यात अंगाची उष्णता ३५-३६ अंश सेल्सिअस, मोठ्या कुत्र्यापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी, आणि तीही त्याला स्वतःची स्वतः टिकवता येत नाही. गारठलं की पचन थांबतं, म्हणून गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजायच्या आधी ऊब द्यायची असते. काही दिसत नाही, ऐकू येत नाही, तरी ते सरपटत बरोबर आईच्या कुशीत पोहोचतं ते वासावर आणि उबेवर. कुत्र्याचं गार, ओलं नाक तर लांबून येणारी अगदी मंद ऊबही टिपतं, हे २०२० मध्ये स्वीडन आणि हंगेरीच्या संशोधकांनी मोठ्या कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं.

चिहुआहुआचं पिल्लू जन्मतं तेव्हा सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतं, मध्यम पेरूएवढं. त्याच्या सांभाळाचं निम्मं गणित या लहानपणातच आहे. कपातला चहा बशीत ओतला की पटकन का निवतो? चहा तेवढाच, पण हवेला लागणारा पृष्ठभाग वाढला. लहान जिवाचं तसंच असतं. वजनाच्या मानाने कातडी जास्त, म्हणून ऊब भराभरा निघून जाते. ती भरून काढायला शरीराची चूल सतत पेटती ठेवावी लागते. सरपण म्हणजे रक्तातली साखर, आणि ती साठवायचं कोठार म्हणजे यकृत. चिमुकल्या पिल्लाचं हे कोठार काही तासांतच रिकामं होतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलं. थंडीतली पहाट होती. रात्री पिल्लू जेवलं नव्हतं, झोपलंय म्हणून कोणी उठवलं नाही. सकाळी बहीण हाका मारत आली. पिल्लू झोकांड्या खात होतं, मान टाकत होतं, डोळे कुठेच लागत नव्हते. भाचीने फोनवर पशुवैद्यांना विचारलं आणि बोटावर मध घेऊन त्याच्या हिरडीला चोळला. पाजला नाही, कारण शुद्ध हरपलेल्याच्या घशात पातळ पदार्थ गेला तर तो फुप्फुसात उतरतो. मग ते कापडात गुंडाळून उबेला घेतलं. पाच-सात मिनिटांत त्याने मान वर केली आणि तिचं बोट चाटलं. लगेच दवाखाना गाठला. त्या दिवसापासून दर तीन-चार तासांनी थोडं थोडं खाणं आणि झोपायच्या आधी शेवटचा घास, हा नेम झाला. चार महिन्यांपर्यंत तो मोडू नये.

आता त्याच जिल्ह्यातलं दुसरं पिल्लू बघा. येडशीच्या पुढे माळावर मेंढरांचा वाडा बसला होता. तिथे पाच महिन्यांचं कारवानी कुत्रं होतं. नुसते पाय, त्यावर अरुंद छाती आणि निमुळतं तोंड. मराठवाड्याची ही आपली जात. लातूर जिल्ह्यातलं जानवळ तिच्यासाठी ओळखलं जातं, आणि कर्नाटकात तिला मुधोळ म्हणतात. पुरता वाढलेला नर खांद्याशी ७० सेंटिमीटरच्या आसपास भरतो, चिहुआहुआ जेमतेम २०. "याला मेंढरांमागं पळवत नाही का?" मी विचारलं. "न्हाई भाऊ, हाडं कवळी हायेत अजून. वरीस जाऊ द्या," म्हातारबाबा म्हणाले.

बाबांनी एका वाक्यात सांगितलं ते क्ष-किरणाच्या फिल्मवर दिसतं. लांब हाडाच्या दोन्ही टोकांना कूर्चेची पातळ चकती असते. हाड वाढतं ते तिथेच. वाढ पुरी झाली की चकतीचं हाड होतं आणि हाडाची लांबी कायमची ठरते. चिहुआहुआत या चकत्या आठ-नऊ महिन्यांपर्यंत मिटतात. कारवानीसारख्या उंच कुत्र्यात वर्ष, कधी सव्वा वर्षही जातं. तोवर चकती हाच हाडाचा सर्वांत नाजूक भाग असतो. कोवळ्या शिकारी कुत्र्याला मोटरसायकलमागे पळवायची हौस आपल्याकडे आहे. ती कृपा करून सोडा. उंच जातीच्या पिल्लाला 'हाडं मजबूत व्हावीत' म्हणून मनाने कॅल्शियमचं औषधही पाजू नका. लहान पिल्लाचं आतडं जादा कॅल्शियम अडवू शकत नाही, सगळं शोषून घेतं, आणि हाडं वाकडी होतात.

मला सगळ्यांत थक्क करणारी गोष्ट वेगळीच आहे. हे दोन जीव इतके वेगळे कशाने? २००७ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांना आयजीएफ-१ नावाच्या एका जनुकाचा माग लागला. शरीराला वाढ म्हणून सांगणारं हे जनुक, आणि लहान कुत्र्यांत त्याचं एक विशिष्ट रूप सापडतं. सगळ्यांना वाटलं, माणसाने निवडून निवडून लहान कुत्री पैदा केली तेव्हाच कधीतरी हा बदल घडला असणार. २०२२ मध्ये या जनुकाची मात्रा ठरवणारा नेमका बदल हाती आला आणि सगळं उलटं निघालं. लहानपणाचं रूपच जुनं! सायबेरियातल्या सुमारे ५४ हजार वर्षांपूर्वीच्या लांडग्याच्या अवशेषांतही ते होतं, माणसाने कुत्रं पाळायच्या कितीतरी आधी. पुढे लांडगे मोठे होत गेले आणि हे रूप त्यांच्यात दुर्मीळ झालं, पण पुसलं गेलं नाही. बालाघाटच्या माळावर मेंढरांच्या वासावर फिरणारा लांडगा आणि वाटग्यात बसलेला हा प्राणी एकाच गोतातले. कवटीतले ४२ दातसुद्धा दोघांचे सारखेच.

ते ४२ दात चिहुआहुआच्या इवल्याशा जबड्यात मावायचे कसे? दाटीवाटीने. सहा-सात महिन्यांत २८ दुधाचे दात पडून पक्के यायला हवेत, पण सुळे पुष्कळदा पडतच नाहीत आणि एका जागी दोन-दोन उभे राहतात. त्यात अन्न अडकतं, हिरड्या सडतात. म्हणून सहाव्या महिन्यात ओठ वर करून बघाच.

लसीबद्दल लोक विचारतात, एकच सुई इतक्या वेळा का? चीक पाजताना आई पिल्लाला स्वतःची संरक्षक द्रव्यं देते. ती रक्तात असेपर्यंत पिल्लाचं रक्षण करतात, पण लसीलाही निकामी करतात. ती नेमकी कधी संपणार ते पिलागणिक बदलतं. म्हणून पार्वो आणि डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत देतात. तीन महिने भरले की रेबीजची, ती चुकवायचीच नाही. जंताचं औषध याच्याही आधी, दुसऱ्या आठवड्यापासून, कारण गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातच लागतात.

त्याच काळात मनाचीही एक खिडकी उघडी असते, तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत. या दिवसांत जे भेटतं ते ओळखीचं होतं, न भेटलेल्याचं पुढे भय वाटतं. चिहुआहुआ भुंकरा, चावरा म्हणून बदनाम आहे. मला वाटतं, त्यातला मोठा वाटा आपला असतो. चिमुकला म्हणून त्याला दिवसभर कडेवर घेतात, जमिनीवर सोडतच नाहीत. भाचीने याला कुकरची शिट्टी, आजीची काठी, गणपतीतला ताशा असं सगळं लांबून, हळूहळू ओळखीचं केलं. लसी पुऱ्या होईपर्यंत रस्त्यावर पाय टेकवला नाही, पण कडेवरून गाव दाखवलं. फिरवताना पट्टा गळ्याला नको, छातीला बांधायचा, कारण याची श्वासनलिका मऊ असते आणि ओढ बसून दबते.

खाण्यात एक गोष्ट आपल्या भागाने विशेष लक्षात ठेवावी. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याचं मूत्रपिंड बंद पाडू शकतात. का, हे कितीतरी वर्षं कळत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकी पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. ते आम्ल चिंचेतही भरपूर असतं. दोन किलोच्या जिवाला मूठभर बेदाणे म्हणजे विषच. म्हणून चिंचेची आमटीही नको. कांदा-लसणाचा रस्सा आणि चॉकलेट हेसुद्धा नकोच.

दहाव्या महिन्यात भाचीने कॅलेंडरची जुनी पानं पसरून दाखवली. आकडे चढत चढत २ किलोला टेकले होते आणि दीड महिना तिथेच होते. वाढ संपली होती.

पण आयुष्य आता कुठे सुरू झालं होतं. हत्ती उंदरापेक्षा जास्त जगतो, कुत्र्यांत मात्र उलटं. जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार शरीराच्या दर २ किलो जादा वजनाला आयुष्याचा सुमारे एक महिना जातो. चिहुआहुआ सहज १४-१५ वर्षं जगतो. भाची आज आठवीत आहे. ती नोकरीला लागेल, कदाचित लग्न होऊन दुसऱ्या गावी जाईल, तेव्हाही हा असेल.

म्हणून पिल्लू आणायला निघालात तर 'टीकप' या शब्दाला भुलू नका. अशी कुठलीही जात नाही. ते विकायचं नाव आहे, आणि त्यामागे बहुधा कुपोषित किंवा कमी दिवसांचं पिल्लू असतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे. जन्मतारीख विचारा, लसीचं कार्ड मागा, आणि पिल्लाची आई प्रत्यक्ष बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.