जुना गेमिंग पीसी अडकायला लागलाय? नवा घेण्याआधी हा हिशोब एकदा करून बघा

इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली की घरच्यांकडून पीसी मिळायचा. अभ्यासासाठी असं घरी सांगायचं आणि रात्री जीटीए फाईव्ह लावायचा. कोथरूडमध्ये डहाणूकर कॉलनीपासून आयडियल कॉलनीपर्यंत २०१७-१८ साली घेतलेले असे पीसी आजही घराघरात आहेत. ज्याने घेतला तो नोकरीला लागला आणि पीसी धाकट्या भावाकडे आला.

आता हा पीसी अडकतो. गेम उघडायला पाच मिनिटं लागतात, मध्येच फ्रेम तुटतात, कॅबिनेटमधून मिक्सरसारखा आवाज येतो. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. त्याच महिन्यानंतर जीटीएक्स १०५० टीआय आणि १०६० सारख्या कार्डांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने थांबवलं. त्यांना आता फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतील, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत.

मग प्रश्न पडतो की सगळा पीसी बदलायचा, की थोडे पार्ट बदलून अजून तीन-चार वर्षं काढायची?

आधी बघा, अडतंय कुठे?

दुकानात जाण्याआधी एक फुकटची तपासणी करा. गेम चालू ठेवा आणि टास्क मॅनेजर उघडा. ग्राफिक्स कार्डचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर कार्ड कमी पडतंय. कार्ड ५०-६० टक्क्यांवर निवांत बसलंय आणि प्रोसेसर मात्र घाम गाळतोय, तर नवं कार्ड घेऊन काही उपयोग नाही. रॅम भरून डिस्क १०० टक्क्यांवर गेली असेल, तर दुखणं रॅममध्ये आहे.

अनेकांची चूक इथेच होते. मित्र म्हणाला म्हणून महागडं कार्ड आणतात आणि ते जुन्या चार कोअरच्या प्रोसेसरला जोडतात. कार्ड वाट बघत बसतं आणि पैसे अडकतात.

स्वस्तातले उपाय आधी

पहिलं काम साफसफाई. रस्त्याकडेला फ्लॅट असेल तर कर्वे रोड आणि पौड रोडची धूळ किती येते ते वेगळं सांगायला नको. पंख्यात आणि हीटसिंकमध्ये ती बसली की प्रोसेसर तापतो, आणि तापला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. कॅबिनेट उघडून ब्लोअर मारा आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदला. काहीशे रुपयांत होणारं काम आहे. फक्त ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

दुसरं काम एसएसडी. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, साधी साटा एसएसडी ५०० च्या वर जाते. मदरबोर्डवर एनव्हीएमईचा स्लॉट असेल तर आकडा हजारांत जातो. एसएसडीने गेममधल्या फ्रेम फारशा वाढत नाहीत, पण पीसी आणि गेम सुरू व्हायचा वेळ एकदम कमी होतो.

तिसरी रॅम. ८ जीबीवर आजचे गेम रखडतात, १६ जीबी हवीच. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावा, म्हणजे ड्युअल चॅनल सुरू होतं. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डवर दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये पट्ट्या लागतात. एक अडचण मात्र आहे. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरीची मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ग्राहकांसाठीचा क्रुशल हा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे घरात असलेली डीडीआर४ रॅम फेकू नका, तिला किंमत आहे.

विंडोज ११ चं काय?

विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं. बऱ्याच पीसीत ते असतं, फक्त बायोसमध्ये बंद असतं. इंटेलच्या बोर्डवर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम या नावाने ते सापडेल. व्हॅलोरंट खेळणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं, कारण विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू नसेल तर तो गेम सुरूच होत नाही.

पण प्रोसेसरही मायक्रोसॉफ्टच्या यादीत असावा लागतो. इंटेलची आठवी जनरेशन आणि एएमडीची रायझन २००० मालिका इथून पुढचे बहुतेक प्रोसेसर चालतात. म्हणजे आय५ ८४०० पास आणि आय५ ७४०० नापास. रायझन ५ २६०० पास आणि १६०० नापास.

इथे एएमडीवाल्यांचं नशीब जोरावर आहे. एएम४ सॉकेटच्या बहुतेक बोर्डवर बायोस अपडेट करून रायझन ५ ५६०० बसतो. बोर्ड तोच, रॅम तीच. मात्र आपल्या बोर्डची यादी कंपनीच्या साइटवर बघून घ्या आणि जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अपडेट करा. मध्येच लाईट गेली तर बोर्ड बंद पडू शकतो. त्यामुळे हे काम गुरुवारी काढू नका. महावितरणची दुरुस्तीची कामं त्याच दिवशी निघतात हे पुणेकराला माहीत आहेच.

इंटेलवाल्यांना ही सोय नाही. आठव्या जनरेशनच्या बोर्डवर फार तर नववी जनरेशन चालते. त्यापुढे जायचं तर बोर्डही बदलावा लागतो.

कार्ड घेताना एसएमपीएस विसरू नका

जीटीएक्स १०५० टीआय ७५ वॉटवर चालायचं. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट लागतात आणि आरटीएक्स ३०६० ला १७०. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर असं कार्ड लावणं म्हणजे विषाची परीक्षा. तो जाताना बोर्ड आणि कार्डही घेऊन जाऊ शकतो. ८० प्लस प्रमाणित, चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा एसएमपीएस घ्या. तो पुढच्या पीसीतही चालेल.

आणखी एक खोच. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं, पण ते पीसीआयईच्या चारच लेन वापरतं. जुन्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डवर त्याचा दम निघून जातो.

खरेदी कुठे आणि कशी?

पुण्यात जुनेजाणते लोक बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीचं नाव घेतात. कोथरूडहून आता तिथे गाडी लावायची चिंता नाही. वनाजला मेट्रोत बसायचं, जिल्हा न्यायालय स्टेशनला गाडी बदलायची आणि मंडईला उतरून चालत जायचं. ऑनलाईन भाव आधी बघून ठेवा आणि जीएसटीचं पक्कं बिल मागा. बिलावर सीरियल नंबर असू द्या. वॉरंटीच्या वेळी तोच कामी येतो.

सेकंडहँड कार्ड घेत असाल तर समोर गेम लावून किमान वीस मिनिटं चालवून बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. त्यातली काही अजून फिरतायत. पंख्याचा आवाज, तापमान आणि स्क्रीनवरचे ठिपके बघा.

मग शेवटी हिशोब काय?

साधा नियम धरा. साफसफाई, एसएसडी आणि रॅम एवढ्यात काम भागत असेल तर डोळे झाकून करा. एएम४ वाल्यांनी प्रोसेसर आणि कार्डपर्यंत जायला हरकत नाही. पण प्रोसेसर, बोर्ड, रॅम आणि कार्ड असं सगळंच बदलावं लागत असेल आणि खर्च नव्या पीसीच्या निम्म्यावर जात असेल, तर थांबा, पैसे साठवा आणि नवाच घ्या. तोवर विंडोज १० वाल्यांनी मायक्रोसॉफ्टच्या जादा सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवावं. ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात.

आणि जुने पार्ट भंगारात देण्याआधी डिस्कमधला डेटा पुसा. चालू पार्ट विकून टाका, बंद पडलेले ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात नको. तुमचा जुना १०६० कुणाच्या तरी पहिल्या पीसीत अजून दोन वर्षं सहज काढेल.