शेवळाची खाज, नाचणीची पायरी

खर्डी आणि कसारा या स्थानकांच्या दरम्यान असलेल्या उंबरमाळीच्या परिसरात, तसेच शहापूर आणि मुरबाडच्या रानांत पावसाळ्याच्या तोंडावर शेवळे उगवतात. शेवळ हा सुरणाच्या जातकुळीतील एका रानकंदाचा फुलोरा असून, त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक तोंडाला आणि घशाला टोचत असल्यामुळे ही भाजी नीट न रांधल्यास खाजते. ती खाज मोडण्यासाठी तिच्यात काकडाची आंबट फळे किंवा चिंच घालण्याची रीत आहे. शरीर ज्या पदार्थाविरुद्ध इतका उघड इशारा देते, त्याचीच माणसे वर्षभर वाट पाहतात, हे केवळ जिभेच्या आधारे उलगडत नाही.

अनोळखी अन्नाविषयीच्या उपजत धास्तीला मानसशास्त्रात नवान्नभय म्हणतात. ही धास्ती ओळखीने ओसरते. एखादी गोष्ट वारंवार समोर आल्यानेच ती आवडू लागते, असे रॉबर्ट झायोन्स यांनी 1968 मध्ये मांडले, तर ज्युली मेनेला आणि सहकाऱ्यांच्या 2001 मधील प्रयोगात, गरोदरपणी किंवा स्तनपानाच्या काळात मातांनी गाजराचा रस घेतला असता त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीचे अन्न अधिक सहज स्वीकारल्याचे दिसले. चुलीजवळ शेवळे निवडणाऱ्या आजीच्या शेजारी बसणारे मूल भाजीबरोबर त्या भाजीविषयीचा विश्वासही उचलते.

मात्र आवडीला सामाजिक पायरीही असते. जी शेवळे रानात पोटाला आधार म्हणून खुडली जातात, तीच ठाणे-मुंबईच्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांत सोडे किंवा कोळंबी घालून मोसमाची मेजवानी ठरतात. नाचणीचे उदाहरण याहून बोलके आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि पांढऱ्या तांदळात त्याच्या पासंगालाही पुरेल इतके नसते. तरीही वरकस जमिनीवरची ही नागली गरिबीची खूण मानली गेली आणि पाहुण्याच्या ताटात भात आला. अभिरुची ही वर्गाची ओळख असते, असे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी 1979 मध्ये दाखवले होते. अन्नसुरक्षा कायद्याने 2013 मध्ये तांदूळ तीन रुपये किलोने देऊ केला, तेव्हा प्रतिष्ठेला स्वस्ताईचीही जोड मिळाली. पुढे संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले आणि शहरी दुकानांत नाचणीची बिस्किटे मानाने मांडली गेली. ही बिस्किटे पाहुण्यापुढे ठेवताना कोणाला संकोच वाटत नाही. संकोच वाटतो तो भाकरीचाच.