हिवाळी वृष्टीचे प्रकार
हिवाळ्यात ढगांतून हिम, हिमगोलिका, गोठणारा पाऊस की साधा पाऊस पडेल, हे मुख्यतः ढग व भूपृष्ठ यांमधील हवेच्या थरांच्या तापमानांवर अवलंबून असते. शीत ढगांत ०° से. खालीही द्रवरूप राहिलेले अतिशीत जलबिंदू व हिमस्फटिक एकत्र असतात. एकाच तापमानास बर्फावरील संतृप्त बाष्पदाब पाण्यावरील बाष्पदाबापेक्षा कमी असल्याने जलबिंदूंचे बाष्पीभवन होते व ते बाष्प स्फटिकांवर साचून स्फटिक वाढतात. स्वीडिश वातावरणवैज्ञानिक टोर बेर्येरॉन यांनी ही उपपत्ती १९३३ मध्ये मांडली.

भूपृष्ठापर्यंतची हवा गोठणबिंदूखाली असल्यास स्फटिक एकमेकांस चिकटून हिमाच्या रूपाने पडतात. मध्ये उबदार थर असल्यास ते वितळतात. त्याखालील शीत थर पुरेसा जाड असल्यास थेंब पुन्हा गोठून हिमगोलिका बनतात. तो उथळ असल्यास थेंब अतिशीत अवस्थेतच खाली येतात आणि झाडे, तारा वा रस्ते यांवर पडताच गोठतात. भूपृष्ठालगतची हवाही उबदार असल्यास साधा पाऊस पडतो. गारा मात्र गर्जन मेघांतील जोरदार ऊर्ध्व प्रवाहांत तयार होतात.

यांपैकी गोठणारा पाऊस विशेष घातक ठरतो. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्वीबेक प्रांतात अशा पावसाने साचलेल्या बर्फाच्या भाराखाली विद्युत् वाहिन्यांचे मनोरे कोसळले व दहा लाखांहून अधिक ग्राहकांचा वीजपुरवठा खंडित झाला. म्हणूनच पूर्वानुमानासाठी केवळ भूपृष्ठाचे तापमान पुरेसे नसते. फुग्यांबरोबर सोडलेल्या उपकरणांनी उंचीनुसार बदलणारे तापमानही मोजावे लागते.