मनाचें बळ आणि एक लांकडी बांक

चिंता आणि चिता या दोन शब्दांत एका अनुस्वाराचाच काय तो भेद, असें जुनीं माणसें म्हणत असत. त्यांतील विनोद सोडला तरी अनुभव खरा आहे. दंड-बैठकांनीं शरीर कमावितां येतें, हें शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. मन मात्र ज्याचें त्यास दैवानें दिलें तसें, कोणाचें खंबीर तर कोणाचें हळवें, अशी समजूत आजहि घरोघरीं आढळते. ही समजूत बरोबर नाहीं. संकटाचा भार सोसून पुन्हां उभें राहण्याची शक्ति अंगीं बाणवितां येते, आणि तिचीं साधनें अगदीं साधीं असतात. आफ्रिकेंतील झिंबाब्वे देशांत या गोष्टीचा जो प्रयोग झाला, तो या दृष्टीनें लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे.

२००५ सालीं तेथील सरकारनें शहरांतील झोपड्या व विनापरवाना दुकानें पाडण्याची मोठी मोहीम काढली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ७ लक्ष लोकांचें घर, रोजगार किंवा दोन्ही गेलीं. एक कोटीहून अधिक वस्तीच्या त्या देशांत मनोविकारांचे डॉक्टर बोटांवर मोजण्याइतकेच होते. त्यांपैकीं एक डॉ. डिक्सन चिबांडा. त्यांच्याकडे उपचारासाठीं यावयाची एक तरुण स्त्री आली नाहीं. तिनें आत्महत्या केल्याची वार्ता मात्र आली. ती कां आली नाहीं, असें विचारतां तिच्या आईनें सांगितलें कीं, मोटारीच्या भाड्याचे १५ डॉलर जमले नाहींत. रुग्ण औषधाकडे येऊं शकत नसेल, तर औषधानें त्याच्या दाराशीं गेलें पाहिजे, हा बोध डॉक्टरांनीं त्या दुःखांतून घेतला.

पण नेणार कोण? जागा नव्हती, पैसा नव्हता, परिचारिकांना उसंत नव्हती. २००६ सालीं राजधानी हरारेच्या म्बारे या गजबजलेल्या वस्तींत १४ आज्या मात्र मिळाल्या. या वृद्ध स्त्रिया आरोग्याच्या कामांत पूर्वींपासूनच हातभार लावीत असत. दवाखान्याच्या आवारांत एक लांकडी बांक ठेवण्यांत आलें आणि त्यावर एक आजी व एक दुःखी माणूस अशीं दोघें बसूं लागलीं. आरंभीं त्याला 'मानसिक आरोग्याचें बांक' असें नांव होतें. तेव्हां तेथें कोणी फिरकेना. वेडाचा शिक्का कपाळीं मारून घ्यावयास कोण येईल? आज्यांनीं सुचविलें, 'मैत्रीचें बांक' म्हणा. तेंच नांव रूढ झालें. ग्रंथांतील रोगांचीं नांवेंहि त्यांनीं बाजूस ठेविलीं. शोना भाषेंत 'कुफुंगिसिसा' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ अति विचार करीत राहणें. आपल्याकडे 'विचारानें डोकें पोखरलें' म्हणतात, तेंच हें.

बांकावर जें चालतें त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, मन उघडणें. आजी ऐकते; मध्यें बोलत नाहीं, उपदेश करीत नाहीं. मग ज्या ज्या गोष्टी छळत आहेत त्यांची यादी होते व तींतून एकच निवडली जाते. निवड दुःखी माणसानें करावयाची, आजीनें नव्हे. दुसरी पायरी वर उचलण्याची. निवडलेल्या गोष्टीवर कोणकोणते उपाय संभवतात, त्यांतील हातांत असलेला कोणता, तो केव्हां, कोठें व कोणाच्या मदतीनें करावयाचा, हें ठरतें. तिसरी, बळकट करण्याची. ठराविक दिवशीं परत येऊन काय झालें तें सांगावयाचें. उपाय फसला असेल तर दुसरा घ्यावयाचा. अशा सहा भेटी होतात. पुढें ज्यांची इच्छा असेल ते मंडळांत बसून जुन्या प्लॅस्टिकच्या पिशव्या विणतात आणि एकमेकांस धीर देतात.

इतक्या साध्या गोष्टीनें गुण कां यावा? मनांत घोळणाऱ्या काळजीस आकार नसतो. थकलेलें भाडें, मुलाची फी आणि भावाशीं झालेला तंटा हीं तिन्ही मिळून एकच काळा ढग होतो, आणि ढगाशीं कोणास झुंजतां येत नाहीं. त्यांना वेगवेगळीं नांवें दिलीं कीं तीन कामें समोर उभीं राहतात. त्यांपैकीं एकास हात घातला व तें अर्धेंमुर्धें का होईना साधलें, म्हणजे आपल्या हातून कांहीं होऊं शकतें हा गमावलेला विश्वास परत येतो. मनाचा व्यायाम तो हाच.

केवळ चांगुलपणावर विसंबून न राहतां या उपायाची परीक्षाहि घेण्यांत आली. हरारेंतील २४ दवाखान्यांत ५७३ लोकांचे दोन गट केले. एकास नेहमींचे उपचार, दुसऱ्यास बांक. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें सहा महिन्यांनंतर पहिल्या गटांत शेंकडा ५० जणांत खिन्नतेचीं लक्षणें उरलीं होतीं. बांकावर बसलेल्यांत शेंकडा १४.

या कथेचा एक धागा आपल्या किनाऱ्याशीं जुळलेला आहे. आज्या जी १४ प्रश्नांची सूची विचारतात, ती मुंबईंत जन्मलेले डॉ. विक्रम पटेल यांनीं १९९० नंतरच्या दशकांत हरारेंत काम करीत असतां तयार केली. १९९६ सालीं त्यांनीं सहकाऱ्यांसह गोव्यांत 'संगत' ही संस्था काढली. तेथेंहि, डॉक्टर नसलेल्या पण शिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनीं खिन्न रुग्णांस आधार द्यावा, असे प्रयोग झाले. त्यांचें एक मुख्य सूत्र असें कीं, उत्साह आल्यावर काम करूं असें न म्हणतां आधीं लहानसें काम करावें. उत्साह मागाहून येतो.

हीं साधनें घरांतहि वापरण्याजोगीं आहेत. निजण्यापूर्वीं काळज्या कागदावर उतरून काढाव्या. जी हातांत आहे अशी एक निवडावी व उद्यां करावयाचें एकच पाऊल तिच्यापुढें लिहावें. आठवड्यांतून एकदां विश्वासाच्या माणसास त्याचा हिशेब सांगावा. दुसऱ्याचें ऐकावयाची पाळी आली, तर उपदेश गिळून आधीं पुरतें ऐकावें. सर्वांत कठीण तें हेंच. मात्र जिवाचें बरेंवाईट करण्याचे विचार येत असतील, किंवा झोप व अन्न बरेच दिवस सुटलें असेल, तर घरगुती उपायांवर थांबूं नये. आज्याहि अशा माणसास डॉक्टरांकडेच पाठवितात. भारतांत २०२२ सालापासून सरकारनें १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत दूरध्वनीची सोय केली आहे.

मन खंबीर म्हणजे दगडासारखें, असें नव्हे. दगडावर घाव पडला तर तो दुभंगतो. वेत वांकतो आणि पुन्हां सरळ होतो. वेताचा हा गुण माणसाच्या अंगीं येण्यास शेजारीं बसून ऐकणारें एक माणूस लागतें. त्या आईपाशीं १५ डॉलर नव्हते. पण तिच्या मुलीच्या गांवांत एखादें बांक आणि एखादी आजी असती, तर भाड्याचा प्रश्नच उद्भवला नसता. बांक तर प्रत्येक गांवांत असतें. त्यावर बसून ऐकणारें कोणी आहे कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें.