संमीलन अणुभट्टीची किरणोत्सारी सुरक्षितता

संमीलन अणुभट्टीची किरणोत्सारी सुरक्षितता म्हणजे हायड्रोजनच्या समस्थानिकांचे संमीलन घडवून ऊर्जा मिळविणाऱ्या भट्टीतून कामगार, परिसर व जनतेला संभवणाऱ्या किरणोत्सारी धोक्याचे मूल्यमापन होय.

ड्यूटेरियम व ट्रिटियम यांच्या संमीलनातून हेलियम आणि १४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रॉन निर्माण होतो. येथे विखंडनासारखी साखळी अभिक्रिया नसते. भट्टीच्या पात्रात एका वेळी जेमतेम काही ग्रॅम इंधन असते आणि बिघाड होताच प्लाझ्मा थंड होऊन अभिक्रिया थांबते. म्हणून चेर्नोबिलप्रमाणे शक्ती अनियंत्रित वाढण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तथापि ही ऊर्जा ‘किरणोत्साररहित’ आहे, हे प्रचलित वर्णन अचूक नाही.

मुख्य धोका ट्रिटियमचा. त्याचा अर्धायुकाल सुमारे १२.३ वर्षे आहे. त्याचे बीटा कण त्वचा भेदू शकत नाहीत. परंतु ट्रिटियम पाण्याच्या रेणूत शिरले की श्वास, अन्न व त्वचेवाटे शरीरात सहज पसरते. अशा पाण्याच्या बाष्पाची घातकता वायुरूप ट्रिटियमच्या सुमारे दहा हजारपट मानली जाते. शरीरातील निम्मे ट्रिटियम साधारणतः दहा दिवसांत उत्सर्जित होते. साहजिकच साठा किती, त्यातील किती भाग बाहेर पडू शकतो, तो वायूच्या की पाण्याच्या रूपात आणि वारा त्याला कोठे नेईल, या क्रमाने हिशेब मांडला जातो. फ्रान्समधील ‘इटर’ प्रकल्पात पात्रातील ट्रिटियमसाठी १ किलोग्रॅमची मर्यादा ठरविली आहे.

दुसरा धोका न्यूट्रॉनांमुळे किरणोत्सारी बनणाऱ्या पोलादाचा व पात्रात साचणाऱ्या धुळीचा. पोलादातील नायोबियम व मॉलिब्डेनमऐवजी टंगस्टन व टँटलम वापरल्यास बहुतांश किरणोत्सार सुमारे शंभर वर्षांत बराच ओसरतो. भट्टी बंद केल्यावरही हे भाग काही काळ उष्णता देत राहतात. तिचाही विचार करावा लागतो.

जळगाव व धुळे जिल्ह्यांतून वाहणाऱ्या तापीचा या विषयाशी दुहेरी संबंध आहे. नदीच्या मुखाजवळील हजिरा येथे ‘इटर’च्या सुमारे ३,८५० टनी शीतपात्राचे भाग घडविले गेले. त्याच नदीकाठी, खानदेशाच्या खालच्या अंगाला, काक्रापार अणुविद्युत केंद्र आहे. तेथील विखंडन भट्ट्यांतील जड पाण्यातही न्यूट्रॉनांमुळे ट्रिटियम तयार होते. त्यामुळे ट्रिटियम हाताळण्याचा भारतीय अनुभव मुख्यतः अशा जड पाण्याच्या भट्ट्यांतून आलेला आहे. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतील ‘आदित्य’ (१९८९) ट्रिटियमवर चालत नाही.

नियमनाबाबत एकमत नाही. फ्रान्सने २०१२ मध्ये ‘इटर’ला अणुस्थापना म्हणून मान्यता दिली, अमेरिकेच्या नियामक आयोगाने मात्र २०२३ मध्ये संमीलन यंत्रांना विद्युत अणुभट्ट्यांऐवजी किरणोत्सारी पदार्थांच्या सौम्य नियमावलीखाली आणण्याचे ठरविले.