मुठेवरचा फेस आणि नारळाची करवंटी

पुण्यात मुळा-मुठेच्या पाण्यावर पांढरा फेस तरंगताना दिसतो. त्यात आपल्या मोरीतून, वॉशिंग मशीनमधून गेलेल्या धुण्याच्या पावडरीचाही वाटा आहे. डिटर्जंटच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं पाण्यापासून पळतं. हे पळणारं टोकच पाणी शुद्ध करायला वापरतात त्या सक्रिय कार्बनला चिकटतं. करवंटीच्या कोळशाला ८००-९०० अंशांवर वाफ देऊन हा कार्बन बनवतात. त्याला इतकी सूक्ष्म छिद्रं पडतात, की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग सुमारे १,००० चौरस मीटर भरतो! मात्र काही पावडरींमधलं फॉस्फेट त्याला फारशी दाद देत नाही, आणि छिद्रं भरली की कार्बन बदलावा किंवा पुन्हा सक्रिय करावा लागतो. म्हणून नदीसाठी आधी मैलाशुद्धीकरण, कार्बन शेवटी. आणि घरी पावडर मोजूनच घाला.